बाईंचे हजेरीपत्रक
(वार्षिक सर्वसाधारण सभेच्या प्रसंगी विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



अहवालवर्षात दिवंगत झालेल्या हितचिंतकांचे स्मरण करण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. एरवी आपण नावे वाचून दाखवतो, दोन मिनिटे उभे राहतो आणि पुढील विषयाकडे वळतो. यंदा विश्वस्त मंडळाने एका व्यक्तीविषयी थोडे सविस्तर बोलावे असे ठरवले. मात्र आम्ही त्यांचे नाव घेणार नाही. आपल्या मृत्युपत्रासोबत त्यांनी आम्हांला एक पत्र लिहून ठेवले होते. इमारतीवर पाटी नको, अहवालात नाव नको, तसबीर तर मुळीच नको, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. शिक्षिकेने घालून दिलेला नियम मोडण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणाच्याही अंगी नाही. कारण विश्वस्त मंडळातील तिघे त्यांच्या वर्गात बसून पाढे शिकलेले आहेत. तेव्हा या सभागृहात आणि या तालुक्यात त्यांना ज्या नावाने सगळे ओळखत, तेवढेच आपण वापरू. त्या आपल्या 'बाई' होत्या.

बाईंचा जन्म १९३४ सालचा. अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतो त्या जिल्ह्यात, ज्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी एका लहानशा मंडळीतले हे कुटुंब. आजच्या तरुण पिढीला या परंपरेची फारशी माहिती नसते, म्हणून थोडे विषयांतर करतो. या मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरहूनच सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे नगरशी असलेले नाते तर मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. परंतु बाई स्वतः नेहमी अभिमानाने नाव घेत ते मिस सिंथिया फॅरार यांचे. या फॅरारबाई १८२७ साली बोस्टनहून निघून मुंबईस आल्या. मुंबईत मुलींच्या शाळांचे काम केल्यानंतर त्या १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली तेथेच त्यांचा अंत झाला, तोवर मुलींना शिकवीत राहिल्या. त्यांची नगरची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही त्यांच्याकडे झाले असे चरित्रकार सांगतात. बाईंच्या आजी मिशनच्या अशाच एका मुलींच्या शाळेत वाचायला शिकल्या. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजातील एक मुलगी स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहू लागली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १८७६-७८च्या दुष्काळानंतर जी कुटुंबे मिशनमध्ये आली, त्यांना 'पोटासाठी धर्म सोडलेले' म्हणून पुढे कित्येक वर्षे हिणवले गेले. बाईंनीही लहानपणी ते ऐकले होते. त्यावर त्या एवढेच म्हणत, "आजीला भाकरी एकदा मिळाली. अक्षर मात्र जन्मभर पुरले."

१९५४ साली बाई प्राथमिक शिक्षिका झाल्या आणि १९९२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त झाल्या. अडतीस वर्षांच्या या नोकरीचा तपशील सांगत बसत नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण रुग्णालयात त्यांनी पुढे जे केले त्याचे मूळ तेथे आहे. १९७२च्या दुष्काळात बाईंच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले दिसेनाशी झाली. आईबाप खडी फोडायच्या कामावर गेले, त्यांच्यामागे मुलेही गेली. बाईंनी चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी हजेरीपत्रक काखोटीस मारून त्या दुष्काळी कामावरच पोहोचल्या. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली मुले जमवायची, सुकडी वाटून होईपर्यंत पाटीवर अक्षरे गिरवून घ्यायची आणि निघताना हजेरी मांडायची, असा क्रम त्यांनी कित्येक महिने चालवला. शाळा तपासनीसांनी विचारले की, शाळेबाहेरची हजेरी शाळेच्या पुस्तकात कशी धरता येईल? बाईंनी उत्तर दिले की, मूल जेथे आहे तेथे मी गेले, म्हणजे ते हजरच झाले. तपासनीस काय बोलले ते बाईंनी कधी सांगितले नाही. पण ती हजेरी त्या पुस्तकात कायम राहिली.

निवृत्तीनंतरच्या वर्षी, म्हणजे १९९३ साली, बाई आपल्या रुग्णालयात आल्या आणि आठवड्यातून दोन दिवस काही काम मिळेल का, असे विचारू लागल्या. त्या किती धर्मनिष्ठ आहेत हे सर्वांना माहीत होते. रविवारी पहाटे मंडळीच्या मंदिराचे दार उघडणे, झाडलोट, मुलांची रविवारची शाळा, भजनाच्या वेळी पेटी वाजवणे, नाताळात आजारी माणसांच्या घरी फराळ पोहोचवणे, ही सर्व कामे त्या वर्षानुवर्षे करीत. उपासनासंगीतातील टिळकांची पदे त्यांना पुस्तकाविना येत. त्यामुळे तत्कालीन विश्वस्त मंडळात एक प्रश्न निघाला, आणि तो येथे नमूद करणे योग्य होईल. रुग्णालय सर्व धर्मांच्या रुग्णांचे, देणगीदार सर्व धर्मांचे. तेव्हा बाई खाटेपाशी धर्माविषयी काही बोलतील काय? कोणीतरी हे त्यांना तोंडावर विचारले. बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "रुग्ण बोलावील तर त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करीन. बोलावणार नाही तर त्याचा केसपेपर भरीन. पत्रिका वाटायच्या असतील तर त्या मी माझ्या दारात वाटीन, दवाखान्यात नाही." पुढील एकवीस वर्षांत त्यांनी हा शब्द पाळला. आषाढीला रुग्णांनी वॉर्डात अभंग म्हटले तेव्हा टाळ धरायला बाई होत्या, आणि एका वृद्ध मुस्लीम रुग्णाच्या रमजानातील औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घेणाऱ्याही त्याच होत्या. त्यांच्या श्रद्धेची धार यामुळे बोथट झाली असे कोणी समजू नये. निवृत्तिवेतनाचा दशांश त्या न चुकता मंडळीला देत. दुसरा दशांश त्या आमच्या रोखपालाकडे आणून देत आणि पावतीवर 'एक हितचिंतक' असे लिहवून घेत.

आरंभी बाईंचे काम लहानसहान होते. ज्याला वाचता येत नाही त्याला गोळ्यांच्या वेळा समजावून देणे, पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देणे, दूरच्या नातेवाइकांना पत्रे लिहिणे. मग एके दिवशी त्यांनी क्षयरोगाच्या रुग्णांची नोंदवही पाहायला मागितली. नोंदवही आमच्या परिचारिकांनी नीट ठेवलेली होती. अनुक्रमांक, नाव, गाव, थुंकी तपासणीचा निकाल, औषध दिल्याची तारीख, सर्व काही. बाईंनी ती उलटसुलट चाळली आणि विचारले, "जो आला त्याची नोंद आहे. जो आला नाही तो यात कुठे सापडतो?"

हा प्रश्न क्षयरोगाच्या उपचारातील सर्वांत अवघड प्रश्न होय. उपस्थितांपैकी अनेकांना ठाऊक आहेच, तरी सांगतो. क्षयाची औषधे किमान सहा महिने घ्यावी लागतात. पहिल्या दोन महिन्यांतच ताप जातो, खोकला कमी होतो, वजन वाढते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते. तेव्हा तो औषध सोडतो. शरीरात उरलेले जंतू मग पुन्हा वाढतात. त्यांतले काही औषधांना दाद देईनासे होतात, आणि तसा रोग झालेल्या माणसाचे उपचार अधिक लांबतात, अधिक त्रासदायक होतात. घरातील इतरांना होणारी लागण वेगळीच. म्हणजे क्षयाचा रुग्ण वाचवायचा असेल तर तो आला त्या दिवशी जेवढे काम असते, तेवढेच तो आला नाही त्या दिवशी असते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाजारातून शाळेचे कोरे हजेरीपत्रक आणले. त्यात गावागावाप्रमाणे रुग्णांची नावे लिहिली आणि औषधाच्या प्रत्येक दिवशी हजेरी मांडायला सुरुवात केली. जो न आला त्याच्या घरात तांबड्या शाईने 'गै' असे अक्षर. सायंकाळी त्या 'गै'ची यादी घेऊन बाई एसटी स्थानकावर जात. वाहक, पोस्टमन, ग्रामसेवक, दूधवाले, तालुक्यातील निम्मी माणसे त्यांचीच विद्यार्थी होती. "तुझ्या गावच्या अमक्याला सोमवारी घेऊन ये" एवढा निरोप पुरत असे. रोगाचे नाव त्या कधी उच्चारत नसत. या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या, कारण क्षय झालेल्या सुनेला माहेरी धाडून देणारी घरे त्यांनी पाहिली होती. निरोपाने माणूस न आल्यास बाई स्वतः जात. सत्तरी उलटलेल्या बाई पायवाटेने वस्तीवर निघाल्या आहेत, हे दृश्य आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकाला इतके असह्य होई की, तो आपली सुट्टी असतानाही मोटारसायकल घेऊन त्यांच्यामागे धावत असे.

वर्षभराच्या हजेरीवरून बाईंना एक गोष्ट दिसली. दसरा-दिवाळीनंतर 'गै' एकदम वाढतात. त्यांना आश्चर्य वाटले नाही, कारण शाळेच्या पटावर त्यांनी अडतीस वर्षे हेच पाहिले होते. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती पावसाळ्यात खर्चूनही झालेली असते. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की निघावेच लागते. अशा माणसाला 'उपचार पूर्ण होईपर्यंत जाऊ नका' असे सांगणे सोपे असते. ती उचल फेडायची कोणी, हे सांगणारा कोणी नसतो.

बाईंनी सांगणे सोडले आणि भाद्रपदापासूनच यादी करायला घेतली. कोणता रुग्ण, कोणता मुकादम, कोणता कारखाना, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्या आपल्या वळणदार अक्षरात पत्र लिहीत आणि आमच्या डॉक्टरांची सही घेऊन ते रुग्णाच्या हाती देत. सोबत स्वतःचा पत्ता घातलेले एक कोरे पोस्टकार्ड असे. उत्तरादाखल आलेली ती कार्डे त्यांनी हजेरीपत्रकाच्या पानांना चिकटवून ठेवली आहेत. कोल्हापूर, सांगली, पुणे, थेट सीमेपलीकडच्या कर्नाटकातलीही आहेत.

१९९७ साली सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. दुसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली औषध घेण्याची 'डॉट्स' पद्धत त्यात होती. आठवड्यातून तीन दिवस डोस, पहिल्या दोन महिन्यांत चोवीस, नंतर अठरा आठवड्यांची अठरा पाकिटे, आणि प्रत्येक रिकामे पाकीट परत आणून दाखवायचे. बाईंना ही पद्धत मनापासून आवडली. सरकारने अखेर गृहपाठ तपासायला सुरुवात केली, असे त्या हसून म्हणाल्या. आमच्या भागातील औषधे देणाऱ्या स्वयंसेवकांत त्यांचे नाव लागले. उपचार पूर्ण झालेल्या रुग्णामागे तेव्हा मिळणारे अडीचशे रुपयांचे मानधन त्या रुग्णांच्या प्रवासखर्चाच्या डब्यात टाकत.

त्या काळातील एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. एका तरुण ऊसतोड स्त्रीचे पहिले दोन महिने पूर्ण झाले होते, थुंकीतील जंतू दिसेनासे झाले होते, आणि टोळी निघायला आठवडा उरला होता. पुढील अठरा पाकिटे तिच्या हाती देण्यास डॉक्टर कचरत होते, आणि त्यांचे कचरणे योग्यच होते. बाई मुकादमाच्या घरी गेल्या. मुकादम त्यांचा विद्यार्थी. शाळेत असताना गणितात बरा, हजेरीत वाईट. बाईंनी त्याला समोर बसवून अठरा पाकिटे मोजून दिली, दर आठवड्याला कोणत्या वारी किती गोळ्या ते त्याच्याच वहीत लिहून दिले आणि म्हणाल्या, "उसाचा हिशेब लिहितोस ना, त्याच पानावर हाही लिही." पट्टा संपल्यावर मुकादम आला. त्याच्या पिशवीत अठरा रिकामी पाकिटे होती आणि वहीवर तारखा होत्या. दुसऱ्या वर्षी त्याने आपणहून विचारले, "बाई, यंदा किती जणांचे न्यायचे?"

सगळ्याच गोष्टी अशा सुखाने संपल्या नाहीत. हजेरीपत्रकात अशी नावे आहेत की ज्यांच्यापुढे 'गै' लागत गेले आणि पुढे काहीच लागले नाही. एक पंचविशीतला मुलगा पट्ट्यावरून परतला तो बैलगाडीत पडूनच. आपल्याकडे आल्यानंतर नवव्या दिवशी गेला. शाळेत अशा वेळी पटावरून 'नाव कमी' करतात. बाईंनी त्याचे नाव कमी केले नाही. पुढील वर्षाच्या हजेरीपत्रकातही ते सर्वांत वर लिहिलेले आहे आणि त्यापुढचे सर्व घर कोरे आहे. बाईंच्या मंडळीचे पाळक आम्हांला सांगत होते की, रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ झाली म्हणजे बाई एक चिठ्ठी उघडून मनातल्या मनात वाचत. त्यावर काय असे ते त्यांनी कधी विचारले नाही. बाईंच्या भाचरांनी त्यांची पुस्तके आवरली तेव्हा उपासनासंगीताच्या प्रतीत अशा चिठ्ठ्या निघाल्या. त्यांवर फक्त पहिली नावे आहेत. आडनाव नाही, गाव नाही, रोग नाही. शंभर मेंढरांतील हरवलेल्या एकाची गोष्ट त्यांनी रविवारच्या शाळेत मुलांना किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. आमच्यासमोर ती त्यांनी एकदाही सांगितली नाही.

२००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांसाठीची योजना अमलात आली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. ही तरतूद चांगलीच होती. तिच्यासाठी लागणारा तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका रुग्ण अत्यवस्थ असताना मिळवायची कशी, हा प्रश्न मात्र नातेवाइकांपुढे उभा राही. बाईंनी समाजसेवा विभागाच्या खिडकीशेजारी एक टेबल मागून घेतले आणि अर्ज लिहून देऊ लागल्या. सभागृहात मागे बसलेल्या काही मंडळींचे अर्ज त्यांच्या हातचे आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे.

२०१४ साली, ऐंशीव्या वर्षी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर दिसेना, तेव्हा बाईंनी हजेरीपत्रक आमच्या परिचारिकांच्या स्वाधीन केले. यंदा त्या गेल्या. अंत्यविधीस मंदिरात जागा पुरली नाही. बाहेर अंगणात मुकादम होते, एसटीचे निवृत्त वाहक होते, वारकरी होते. भजने टिळकांची झाली.

आता त्यांच्या देणगीविषयी. आपली सर्व शिल्लक त्यांनी रुग्णालयास दिली आहे. रक्कम अहवालाच्या हिशेबपत्रकात 'एक हितचिंतक' या नावाखाली देणगीदारांना पाहायला मिळेल. सोबतच्या पत्रात नावाच्या अटीखेरीज आणखी दोन अटी आहेत. ही रक्कम इमारतीवर किंवा यंत्रावर खर्च करायची नाही. तिच्या व्याजातून क्षयरुग्णांचे आणि सोबतच्या माणसाचे प्रवासभाडे व बुडालेली मजुरी द्यायची. बाईंचे म्हणणे असे की, औषध सरकार फुकट देते, पण औषधापर्यंत येणे फुकट नसते. आणि दुसरी अट, हजेरीपत्रक बंद करायचे नाही.

या दुसऱ्या अटीवर विश्वस्त मंडळात बरीच चर्चा झाली, ती आपल्यापासून लपवण्याचे कारण नाही. २०१७ पासून देशभर रोजच्या डोसची पद्धत आली आहे. रुग्णांची नोंद आता 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत होते. पोषण आहारासाठी २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा पाचशे रुपये जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम हजार झाली. मग कागदाच्या हजेरीपत्रकाचे काय काम, असा प्रश्न सदस्यांनी विचारला. आमचे मत असे पडले की, संगणकावर गैरहजर रुग्ण दिसतो, बाईंच्या नोंदवहीपेक्षा लवकर दिसतो. परंतु त्याच्या वस्तीवर जाणारे पाय संगणकाला नाहीत. हजेरीपत्रक राहील, आणि ते पाहून घराबाहेर पडणारी दोन माणसे समाजसेवा विभागात या कामासाठीच नेमण्याचा ठराव मंडळाने एकमताने केला आहे. त्यांचे वेतन बाईंच्या देणगीतून द्यायचे नाही. त्यासाठी स्वतंत्र निधी उभारत आहोत. देणगी आयकर कायद्याखाली सवलतीस पात्र आहे आणि पावती कार्यालयात लगेच मिळेल.

एक विनंती शेवटी. ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णांची यंदाची यादी भाद्रपदाच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. आपल्या गावचे मुकादम कोण, ते कोणत्या कारखान्याला टोळी नेणार आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक काय, ही माहिती ज्यांच्याकडे असेल त्यांनी सभेनंतर समाजसेवा विभागाच्या खिडकीशेजारच्या टेबलावर लिहून द्यावी. टेबल तेच आहे. कागद आणि पेन तेथे ठेवले आहे.